गिबोन येथील मागणें

शास्त्रपाठ : यहोशवा ९:३-२७, १ राजे ३:३-२८, मत्तय ६:२५-३४, याकोब १:५-८.

पाठाचा सारांश : निर्णय करण्यापूर्वीं देवाला विचारणें हेंच देवाला प्रथम स्थान देणें होय, आणि असें विचारणें एकदांचें नव्हे, रोजचें आहे.



आपल्या मंडळ्यांत प्रार्थना होत नाहीं असें कोणी म्हणणार नाहीं. पेरणीपूर्वीं प्रार्थना होते, आजाऱ्याच्या खाटेजवळ होते, नव्या घराच्या उंबरठ्यावर होते, परगांवीं निघालेल्या मुलाच्या मस्तकावर हात ठेवून होते. परंतु या प्रार्थनांत आपण बहुधा काय मागतों याचा एकदां शांतपणें विचार करावा. आपण पाऊस मागतों, आरोग्य मागतों, मुलांना परीक्षेंत यश मागतों, कर्जांतून सुटका मागतों. हीं मागणीं चुकीचीं नाहींत. रोजची भाकर मागावयास प्रभूनेंच आपणांस शिकविलें आहे. तथापि एक मागणें असें आहे कीं, तें आपल्या ओठांवर क्वचितच येतें. तें हें कीं, "प्रभो, या गोष्टींत मीं काय करावें हें मला समजत नाहीं, मला सुज्ञता दे." हें मागणें कां येत नाहीं? कारण काय करावयाचें हें आपण आधींच ठरविलेलें असतें. आपण देवाकडे सल्ला घ्यावयास जात नाहीं, तर लिहून तयार केलेल्या कागदावर त्याची सही घ्यावयास जातों.

गिबोन या एकाच गांवीं घडलेल्या दोन गोष्टी शास्त्रांत आहेत. एकींत लोकांनीं देवाला विचारिलें नाहीं. दुसरींत एका तरुण राजानें विचारिलें. या दोन गोष्टी आज जवळजवळ ठेवून पाहूं. आणि ज्यानें विचारिलें त्याचेंच विचारणें पुढें सुटलें तेव्हां काय झालें, तेंहि पाहूं.

१. जेथें विचारावयाचें राहून गेलें

गिबोन हें गांव यरुशलेमेच्या वायव्येस सुमारें तीन कोसांवर होतें. त्या जागीं आज अल्-जीब नांवाचें खेडें आहे. तेथें इ. स. १९५६ पासून झालेल्या उत्खननांत खडकांत खोदलेला पाण्याचा मोठा हौद आणि 'गिबोन' हें नांव कोरलेले मातीच्या घागरींचे कान सांपडले. शास्त्रांतील हें गांव कल्पनेंतलें नव्हे. तेथेंहि आपल्यासारखींच माणसें पाणी भरीत होतीं.

यहोशवाच्या दिवसांत या गांवच्या लोकांनीं जीव वांचविण्यासाठीं एक युक्ति केली. जुनीं पोतीं, ठिगळें लावलेले बुधले, झिजलेले जोडे आणि बुरसलेल्या भाकरी घेऊन ते इस्राएलाच्या छावणींत आले, व आम्ही फार दूरच्या देशाहून आलों आहों, असें सांगूं लागले. इस्राएलाच्या पुढाऱ्यांनीं त्यांची शिदोरी तपासून पाहिली. भाकरी खरोखरच बुरसलेली होती. मग काय? करार झाला व शपथ वाहण्यांत आली. तीन दिवसांनीं समजलें कीं, हे लोक अगदीं शेजारचेच आहेत. परंतु देवाच्या नांवानें वाहिलेली शपथ आतां मोडतां येईना.

हे पुढारी मूर्ख होते असें समजूं नका. त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें, हातांनीं चाचपिलें, प्रश्नहि विचारिले. एकच गोष्ट राहून गेली. परमेश्वराला विचारावयाचें राहिलें. ती उणीव शास्त्रानें चौदाव्या वचनांत नेमकी दाखविली आहे. पुढें पुष्कळ वर्षांनीं शौल राजानें ही शपथ मोडून गिबोनकरांचा घात केला, आणि त्याबद्दल दावीदाच्या कारकीर्दींत तीन वर्षें दुष्काळ पडला, हें २ शमुवेल २१ यांत आपण वाचतों. एका दिवसाच्या उतावळीचें ओझें कोठवर जाऊन पोंहोंचलें तें पाहा.

आतां आपल्या घरांकडे वळूं. मुलीचें लग्न ठरवावयाचें आहे. स्थळ चांगलें दिसतें. माणसें गोड बोलतात. चौकशीहि दहा ठिकाणीं होते. भाऊबंदांत नांव राहावें म्हणून मोठा मांडव घालण्याचें ठरतें. त्याकरितां शेतावर कर्ज काढण्यांत येतें. पत्रिका छापून होतात. आणि सर्व झाल्यावर पाळकांस बोलावून म्हणतात, "साहेब, जरा प्रार्थना करा, म्हणजे कार्य निर्विघ्न पार पडेल." प्रार्थना होते, लग्नहि होतें, परंतु वर्षअखेर व्याज देतां देतां घरांतील बैल विकावा लागतो, व मग, "देवानें आमच्यावर कां अशी वेळ आणिली?" असा प्रश्न निघतो. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आपणांस ठाऊक आहे. पेरणी झाल्यावर बियाणें कोणतें घ्यावें असें कोणी विचारीत नाहीं. मग देवाचा सल्ला तेवढा शेवटीं कां?

२. जेथें विचारिलें

त्याच गिबोनांत ख्रिस्तापूर्वीं सुमारें ९७० वर्षें, नुकताच राज्यावर बसलेला शलमोन अर्पणें करावयास गेला. रात्रीं स्वप्नांत परमेश्वरानें त्याला दर्शन देऊन, तुला काय पाहिजे तें माग, असें सांगितलें. वाचकहो, येथें क्षणभर थांबा. आज रात्रीं हाच प्रश्न आपणांस झाला तर तोंडून पहिला शब्द कोणता निघेल? विहिरीला पाणी? मुलाला नोकरी? भावकीच्या दाव्यांत जय? मनांत जें सर्वांत वर असतें तेंच प्रथम ओठांवर येतें. म्हणून आपलें पहिलें मागणें काय, यावरून आपल्या अंतःकरणांत पहिलें स्थान कोणाचें, हें कळतें.

शलमोनाच्या उत्तरांत तीन गोष्टी दिसून येतात. पहिली, उपकारस्मरण. मागण्यापूर्वीं त्यानें आपल्या पित्यावर, दावीदावर, देवानें केलेली दया आठविली. दुसरी, नम्रता. मी केवळ लहान मूल आहें, कसें वागावें हें मला कळत नाहीं, अशी त्यानें कबुली दिली. राजाला हें म्हणणें सोपें नव्हतें. त्याचा भाऊ अदोनीया यानें थोड्याच काळापूर्वीं राज्य बळकावूं पाहिलें होतें. दरबारांत असें बोलला असता तर वैऱ्यांस आयतें शस्त्र मिळालें असतें. परंतु देवापुढें लहान होण्यांत धोका नाहीं. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची: तो प्रजेला "माझे लोक" म्हणत नाहीं, हे देवाचे लोक आहेत, मी त्यांच्यामध्यें सेवक आहें, असें तो बोलतो. मंडळी आपली नव्हे, देवाची. मुलें आपलीं नव्हत, देवानें सोंपविलेलीं. हें ज्याला उमगलें तोच सुज्ञता मागूं शकतो. जो स्वतःला धनी समजतो तो मागत नाहीं, हुकूम करितो.

आणि त्यानें मागितलें काय? मूळ इब्री शब्दांचा अर्थ 'ऐकणारें अंतःकरण' असा होतो. फर्डी जीभ नव्हे, तीक्ष्ण बुद्धि नव्हे, तर ऐकणारें अंतःकरण. जें देवाचेंहि ऐकतें व माणसांचेंहि ऐकतें. या मागण्याचें उत्तर लागलीच पुढल्या गोष्टींत दिसतें. दोन बायका एका लेकरासाठीं भांडत त्याच्यापुढें आल्या. तरवार आणविली ही गोष्ट आपल्या सर्वांच्या ध्यानांत राहते. परंतु तिच्या आधींचें तेविसावें वचन आपण वाचून सोडून देतों. तरवार मागविण्यापूर्वीं राजानें, ही असें म्हणते आणि ती असें म्हणते, म्हणून दोघींचें म्हणणें स्वतःच्या तोंडून जसेंच्या तसें बोलून दाखविलें. त्या स्त्रिया समाजांत हलक्या गणलेल्या होत्या. त्यांचें बोलणें राजानें मनांत साठवावें अशी कोणाची अपेक्षा नव्हती. प्रथम ऐकणें झालें. मग न्याय झाला.

हें लिहितांना आम्ही स्वतःस वगळीत नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्ही एका खेड्यांत उपदेशक असतां दोन ख्रिस्ती घरांत शेताच्या बांधावरून तंटा लागला. एका घरचे लोक नेहमी उपासनेस येत, वर्गणी वेळेवर देत, आणि आमची भाकर बहुतेक त्यांच्याचकडे असे. त्यांचें म्हणणें आम्हीं सावकाशपणें ऐकिलें. दुसऱ्या घरीं गेलों तो निकाल मनांत ठरवूनच गेलों. तेथें प्रार्थनाहि केली, परंतु ती निकालाला शोभा यावी म्हणून. त्या घरचें कोणीहि मग वर्षभर मंदिरांत आलें नाहीं. शेवटीं त्या घरची आजी आम्हांस पाणवठ्याच्या वाटेवर भेटली आणि म्हणाली, "मास्तर, निकाल तुम्हीं दिला, त्यो देवाचा म्हणून आम्ही गप बसलों. पण आमचं ऐकून कवा घेतलं?" या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. बांध कोणाचा, यापेक्षां तें घर देवाच्या लोकांपैकीं आहे, ही गोष्ट मोठी होती. आणि ती आम्हीं पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशीं आम्हीं जाऊन त्यांची क्षमा मागितली. तंटा लगेच मिटला नाहीं. परंतु पुढल्या रविवारीं आजी मंदिरांत येऊन बसली.

३. देतो, आणि टोमणा मारीत नाहीं

पुष्कळजण सुज्ञता मागत नाहींत याचें आणखी एक कारण आहे. त्यांस लाज वाटते. "इतकीं वर्षें ख्रिस्ती म्हणवितों, आणि एवढेंहि मला कळूं नये?" असें मन म्हणतें. अशांसाठींच याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायांतील पांचवें वचन आहे. तेथें देवाविषयीं दोन गोष्टी सांगितल्या आहेत: तो उदारपणें देतो, आणि देतांना दोष काढीत नाहीं.

उसनें मागावयास दुसऱ्याच्या दारीं गेलेल्या माणसाला या दुसऱ्या गोष्टीची किंमत समजते. पायलीभर ज्वारी मिळते, परंतु तिच्याबरोबर दहा शब्दहि पदरांत पडतात: "मागल्या सालींहि तूं असाच आला होतास. खर्च आंवरतां येत नाहीं का?" ती ज्वारी घशाखालीं उतरत नाहीं. आपला देव असा दाता नव्हे. आपलीच चूक होऊन आपण त्याच्या दारीं आलों, तरी तो कालचा हिशेब काढून आजची सुज्ञता अडवून ठेवीत नाहीं.

परंतु याकोब एक अटहि सांगतो: मागणाऱ्यानें संशय धरूं नये, द्विबुद्धीचा मनुष्य समुद्राच्या लाटेसारखा असतो. आपण दोन डगरींवर पाय ठेवणें म्हणतों तें हेंच. देवाकडे सुज्ञता मागावयाची, आणि तिकडे मुहूर्त पाहावयासहि जावयाचें. प्रार्थनाहि करावयाची, आणि गळ्यांत ताईतहि बांधावयाचा. असा मनुष्य देवाला प्रथम स्थान देत नाहीं. तो देवाला अनेकांतील एक करितो. तसेंच, "देव म्हणेल तें करीन" असें म्हणून मनांत, "मात्र माझ्या मनासारखें म्हणेल तर," अशी गांठ मारून ठेवणें हीहि द्विबुद्धीच होय.

कोणी म्हणेल, हें अडाण्यांसाठीं झालें. शिकलेल्यांस मागण्याची काय गरज? त्यानें पंडिता रमाबाईंकडे पाहावें. इ. स. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. याहून मोठा मान त्या काळीं कोणत्या स्त्रीला मिळाला? तरी पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर साध्या लोकांस समजेल असें व्हावें म्हणून त्या इब्री व ग्रीक या भाषा शिकल्या, आणि केडगांवच्या मुक्ति सदनांत इ. स. १९२२ सालीं आपल्या अंतापर्यंत त्या कामांत राहिल्या. ज्ञान पुष्कळ असूनहि त्या शेवटपर्यंत शिकणाऱ्याच राहिल्या. विद्या सुज्ञतेच्या आड येत नाहीं; विद्येचा गर्व येतो.

४. आधीं लहान भाकर

मत्तयाच्या सहाव्या अध्यायांत प्रभु येशू अन्नवस्त्राच्या चिंतेविषयीं बोलतो, आणि शेवटीं, देवाचें राज्य व त्याची धार्मिकता यांचा शोध प्रथम करा, असें सांगतो. हें सांगणें श्रीमंतांस उद्देशून नव्हतें. उद्यां काय खावें याची चिंता असलेल्यांसच होतें. म्हणून, "आधीं पोटाचें होऊं द्या, मग देवाचें पाहूं," ही आपली सबब येथें चालत नाहीं.

सारफथ येथील विधवेची गोष्ट आठवा (१ राजे १७). मडक्यांत मूठभर पीठ, कुपींत थोडें तेल. तेवढें भाजून आपण व मुलगा खाऊं आणि मग मरूं, एवढाच तिचा विचार होता. एलीयानें तिला, आधीं माझ्यासाठीं एक लहान भाकर करून आण, असें सांगितलें. 'आधीं' हा शब्द किती कठीण! तरी पाहा, त्यानें मोठी भाकर मागितली नाहीं, लहान मागितली. देवाचा वाटा मोठा असावा असा आग्रह नव्हता. पहिला असावा एवढेंच होतें. तिनें तसें केलें. आणि पाऊस पडेपर्यंत तिचें मडकें रिकामें झालें नाहीं.

मात्र याचा विपरीत अर्थ करूं नये. देवाला प्रथम दिलें म्हणजे तो दुप्पट परत करील, असा हा सौदा नाहीं. त्या विधवेला कोठार मिळालें नाहीं, रोजच्यापुरतें मिळालें. देवाला प्रथम स्थान देणारे पुष्कळ बंधु गरीबच राहिले, व समाधानानें राहिले. प्रभूचें वचन श्रीमंतीचें नाहीं; जें आवश्यक आहे तें पित्याला ठाऊक आहे, असें तें वचन आहे. पेरणी सोडून बसावें असाहि अर्थ नाहीं. पाखरें पेरीत नाहींत, तरी दाणे टिपावयास पहाटेच घरट्याबाहेर पडतात. काम करावें, परंतु कामाचा धनी कोण हें विसरूं नये.

५. विचारणें सुटलें

शलमोनाची गोष्ट गिबोनांतच संपली असती तर हा पाठ सोपा झाला असता. परंतु शास्त्र कोणाचें झांकून ठेवीत नाहीं. अनुवादाच्या सतराव्या अध्यायांत इस्राएलाच्या राजासाठीं तीन बंधनें घातलीं आहेत: त्यानें फार घोडे बाळगूं नयेत, फार बायका करूं नयेत, व सोनेंरुपें फार सांचवूं नये. आतां १ राजे १० व ११ हे अध्याय वाचा. १,४०० रथ, १२,००० स्वार, मिसरांतून आणविलेले घोडे. एका वर्षांत ६६६ किक्कार सोनें. ७०० राण्या व ३०० उपपत्नी. तिन्ही बंधनें तुटलीं. म्हातारपणीं त्याचें अंतःकरण इतर देवांकडे वळलें. आणि परमेश्वरानें ज्याला दोनदां दर्शन दिलें तोच हा, असें शास्त्र दुःखानें नमूद करितें.

सुज्ञता नाहींशी झाली काय? नाहीं, बुद्धि होती, कीर्ति होती, दूरदूरचे लोक ऐकावयास येत होते. परंतु त्याच अनुवादांत राजाला एक कामहि नेमून दिलें होतें: नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठीं लिहून घ्यावी व ती आयुष्यभर दररोज वाचावी. काल मिळालेल्या सुज्ञतेवर आज निभावत नाहीं. रानांतील मान्ना दुसऱ्या दिवसासाठीं ठेविला तर त्यांत किडे पडत. सुज्ञतेचेंहि तसेंच आहे.

याचें फळ त्याच्या मुलाच्या दिवसांत आलें. शलमोनानें लादलेलें जूं हलकें करा, म्हणून लोक रहबामाकडे विनंति करीत आले. त्यानें वडील माणसांचा सल्ला टाकून दिला व कठोर उत्तर दिलें. राजानें लोकांचें ऐकिलें नाहीं, असें शास्त्र सांगतें. आणि दहा वंश फुटून गेले. बापानें गिबोनांत ऐकणारें अंतःकरण मागितलें होतें. मुलाला लोकांचें ऐकतां आलें नाहीं. शेत, घर, विहीर आपण मुलांच्या नांवें करून देऊं शकतों; देवाला विचारण्याची संवय कागदावर लिहून देतां येत नाहीं. ती त्यांनीं आपल्यामध्यें रोज पाहिली पाहिजे.

६. आपण काय करावें?

यासाठीं चार साध्या गोष्टी सुचवितों. पहिली, ठरविण्यापूर्वीं विचारा. कर्ज, सोयरीक, शेताची खरेदीविक्री, गांव सोडणें, अशा गोष्टींत होकार देण्यापूर्वीं निदान एक रात्र घरांतील सर्वांनीं, बायकांनीं व मोठ्या मुलांनींहि, मिळून प्रार्थना करावी. दुसरी, कामाच्या मध्येंहि विचारा. राजानें प्रश्न केला तेव्हां नहेम्यानें उत्तर देण्यापूर्वीं मनांतल्या मनांत प्रार्थना केली (नहेम्या २:४). ती एका श्वासाची प्रार्थना होती, परंतु तिच्यामागें पुष्कळ दिवसांची प्रार्थना होती. तिसरी, रोज शास्त्र वाचा. वाचतां येत नसेल तर घरांतील मुलाकडून वाचून घ्या. चौथी, मिळालेलें उत्तर पारखून पाहा. वरून येणारी सुज्ञता शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य व दयेनें भरलेली असते, असें याकोब तिसऱ्या अध्यायांत सांगतो. ज्या निर्णयांत शेजाऱ्यावर डाव साधल्याचा आनंद आहे, तो देवाकडून आला असें म्हणूं नका.

घरीं व मंडळींत विचार करण्यासाठीं प्रश्न :

१. गिबोनकरांविषयीं निर्णय करितांना इस्राएलाच्या पुढाऱ्यांनीं काय केलें, व काय केलें नाहीं?

२. शलमोनानें प्रजेला कोणाचे लोक म्हटलें? त्यावरून आईबापांनीं व पंचांनीं काय शिकावें?

३. गेल्या वर्षांतील आपल्या घरचा सर्वांत मोठा निर्णय कोणता? त्याविषयींची प्रार्थना ठरविण्यापूर्वीं झाली कीं नंतर?

४. ज्याचें म्हणणें आपण पुरतें ऐकून घेतलें नाहीं असें कोणी आहे काय? त्याच्याकडे कधीं जाणार?

प्रार्थना : हे प्रभो, आम्ही लहान लेंकरें आहों, आणि जें तूं आमच्या हातीं दिलें आहेस तें तुझें आहे. आम्ही आधीं ठरवितों आणि मग तुला बोलावितों, याची आम्हांस क्षमा कर. आम्हांस ऐकणारें अंतःकरण दे. आज दे, आणि उद्यां पुन्हां मागावयास आम्हांस तुझ्या दारीं आण. आमच्या घरांत पहिला शब्द तुझा असो. येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.